१२ ते २६ जानेवारी : सोसायटीतल्या मुलांसाठी भाषण-चॉकलेटच्या पुढे काय करता येईल?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीचा साचा ठरलेला आहे. झेंडा, एक पाहुणे, लांबलचक भाषण, मुलांना चॉकलेट, मग मोठ्यांचे फोटो. यंदा कमिटीने १२ जानेवारी, म्हणजे आपल्या सोलापूरचा हुतात्मा दिन, ते २६ हे दोन आठवडे मुलांसाठी ठेवायचं ठरवलंय. मुलं साधारण पस्तीस, पहिली ते दहावी. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कन्नड, दोन-तीन घरं उर्दू.

विचारायचं ते असं. ध्वज नवा घ्यायचाय, कोणत्या मापाचा घ्यावा आणि घेताना काय तपासावं? १९३१ साली त्या दिवशी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल मुलांना काय आणि किती सांगावं? आणि मुलांच्या हाताला काम काय द्यावं? घोषणा त्यांना येतात, त्या शिकवायला नकोत. गच्चीवर लोखंडी खांब आणि कप्पी आहे. बजेट बेताचं आहे.

दोरी-कप्पी

आधी ध्वजाचं सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

ध्वजसंहितेत, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या सरकारी नियमावलीत, नऊ मापं दिलेली आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत. सगळ्यांत लांबी-उंचीचं प्रमाण ३:२. गच्चीवरच्या खांबाला ९०० बाय ६०० पुरतो. खांब उंच आणि भक्कम असेल तरच १३५० बाय ९०० घ्या. मोठ्या ध्वजाला वारा धरतो, खांब हलका असला तर वाकतो आणि कप्पीवरून दोरी उतरते. २२५ बाय १५० हे गाडीचं माप, १५० बाय १०० टेबलावरचं. ते खांबाला लावू नका.

दुकानात जाताना मापाची टेप खिशात ठेवा. ९०० बाय ६०० च्या ध्वजात प्रत्येक पट्टा बरोबर २०० मिलिमीटर आणि चक्राचा व्यास १८५ हवा. १३५० बाय ९०० मध्ये पट्टा ३००, चक्र २८०. मग आरे मोजा, २४. स्वस्त छपाईत आरे कमी निघतात, चक्र एका बाजूला सरकलेलं असतं, नाहीतर मागच्या बाजूने दिसतच नाही. चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं, रंग गडद निळा, आकाशी नव्हे. हे मोजायचं काम सातवी-आठवीच्या पोरांना दुकानातच द्या. दुकानदार जरा कुरकुरेल, कुरकुरू दे.

कापडाचं म्हणाल तर खादीचाच हवा असं आता राहिलेलं नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर बनवलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो. पण परवडत असेल तर खादीचा घ्या. तो वाऱ्यावर अंगाने उलगडतो, पॉलिस्टर फडफडतो. प्रमाणित खादी ध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि हुबळीजवळच्या बेंगेरीत तयार होतात. दोन्ही आपल्यापासून लांब नाहीत, पण जानेवारीत मागणी तुंबते, डिसेंबरातच सांगून ठेवा.

आता चढवणं. ध्वजाच्या खांबाकडच्या कडेत शिवलेली दोरी असते. तिचं लाकडी खुंटीचं टोक केशरी बाजूला, म्हणजे वर. मोकळं टोक हिरव्या बाजूला. झेंडा उलटा लागतो तो गडबडीत ही टोकं न बघता बांधल्यामुळे. आदल्या दिवशीच खांबाच्या दोरीच्या वरच्या टोकाला केशरी दोरा गुंडाळून ठेवा, प्रश्न मिटला.

घडी अशी घाला. ध्वज आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे वळवा. मग दोन्ही बाजू मध्याकडे आणा, वर चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडीशी कड दिसली पाहिजे. पुडकं करून वर न्यायचं असेल तर त्याला दोरीचे दोनच वेढे द्या आणि ओढली की सुटेल अशी एकच गाठ मारा. तीन वेढे दिले की अडकलंच म्हणून समजा. सुती दोरी पहाटेच्या दवाने फुगते आणि गाठ आवळते, म्हणून पुडकं आदल्या रात्री वर चढवून ठेवू नका, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बांधा. नायलॉनची दोरी फुगत नाही, पण गुळगुळीत असल्याने गाठ अर्ध्यातच सुटते आणि झेंडा खालीच उघडतो. सुतीच बरी.

फुलांच्या पाकळ्या घालायला संहितेची हरकत नाही. पण झेंडूच्या ओल्या पाकळ्या मूठभर कोंबल्या की त्या कापडाला चिकटतात आणि पांढऱ्यावर पिवळा डाग पडतो. गुलाबाच्या कोरड्या पाकळ्या, एका मुठीहून कमी.

आदल्या संध्याकाळी कप्पीला तेलाचे दोन थेंब सोडा आणि तेवढ्याच आकाराचा टॉवेल बांधून तालीम करा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! आणि एवढं करूनही अडकलाच तर दोरीला हिसके देऊ नका, खांबावर पोरगं चढवू नका. पुडकं शांतपणे खाली घ्या, गाठ सैल करा, पुन्हा वर. ध्वज पूर्ण उघडल्याशिवाय राष्ट्रगीत सुरू करायचं नाही, हे माइकवाल्याला आधीच बजावून ठेवा.

चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. जुलै २०२२ पासून नागरिकांना रात्रीही ध्वज फडकत ठेवता येतो, तरी मी संध्याकाळी उतरवायला सांगेन. मोकळी कड आधी विरते, आणि फाटलेला ध्वज लावणं नियमातच बसत नाही.

चारपुतळा

दादा, १२ जानेवारी निवडलात ते चांगलं, पण त्या दिवसाची अडचण लक्षात घ्या. जिजाऊ जयंती त्याच दिवशी, विवेकानंद जयंतीही त्याच दिवशी. बऱ्याच शाळांत त्या दोन कार्यक्रमांत सकाळ संपते आणि आपले हुतात्मे शेवटच्या वाक्यात उरतात. शिवाय संक्रांतीच्या तोंडावर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची गर्दी आणि तिच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बदललेले असतात. मुलांना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी न्यायचं असेल तर १२ ला सकाळी लवकर न्या, नाहीतर त्याआधीचा रविवार धरा.

सांगायचा भाग. ६ एप्रिल १९३०, दांडीला मीठ उचललं गेलं तोच दिवस. त्या दिवशी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. देशात असं करणारी पहिली नगरपालिका म्हणून सोलापूरचं नाव घेतलं जातं. पुढे मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. ९, १० आणि ११ मे शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. १२ मेला मार्शल लॉ लागला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या काळात गांधी टोपी घालणं, तिरंगा लावणं हाच गुन्हा होता. मंगळवार पेठेच्या चौकीजवळ दोन पोलीस मारले गेले, त्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं.

दोन पोलिसांचं मरण गाळून गोष्ट सांगू नका. नववी-दहावीची मुलं पुढे कुठेतरी ते वाचतील आणि मग आपण सांगितलेल्या बाकी सगळ्यावरही त्यांचा विश्वास राहणार नाही. त्यांना उलट कागदच द्या: कोणत्या तारखेला काय, कुठे, हुकूम कुणाचा. शहराच्या नकाशावर मंगळवार पेठ आणि गिरण्यांची जागा खुणा करून दाखवायला सांगा. एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर एप्रिल १९३० ते जानेवारी १९३१ अशी रेघ ओढून त्यावर तारखा चिकटवल्या की प्रदर्शन तयार.

नाटुकलं बसवणार असाल तर एक चूक हमखास होते. १९३० च्या प्रसंगात पोरांच्या हातात अशोकचक्राचा झेंडा असतो. तो तेव्हा नव्हताच. त्या वेळचा झेंडा पांढरा वर, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा असा होता. केशरी-पांढरा-हिरवा क्रम १९३१ मध्ये ठरला, तोही चरख्यासह. चक्र आलं २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेच्या ठरावाने. नाटकासाठी जुना झेंडा कागदाचा करून घ्या. मुलं विचारतातच, 'हा असा का?' आणि तिथून खरा तास सुरू होतो.

वेळ उरला तर भैया चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक जोडा. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. हातात बंदूक न घेताही देशाचं नाव राखता येतं, हे त्या घरात उभं राहून सांगितलं तर मुलांना जास्त पटतं.

संस्कारवर्ग-ताई

चारपुतळा, तपशील उत्तम आहे, पण पहिली-दुसरीच्या मुलांना फाशी, गोळीबार वगैरे सांगू नये असं मला वाटतं. रात्री घाबरतात. आईवडीलही नाराज होतात.

चारपुतळा

ताई, तारतम्य हवंच. लहानग्यांना एवढंच पुरे: शहरात झेंडा लावायला बंदी होती, तरी लोकांनी लावला, त्यासाठी चार जणांनी जीव दिला, त्यांची नावं ही. चारही नावं पूर्ण म्हणायला शिकवा. 'कुर्बान हुसेन' एवढंच म्हणतात, 'अब्दुल रसूल' गळतं. फाशी हा शब्द पाचवीपासून पुढे. दोन गट वेगळे बसवले की भांडण उरत नाही. पण त्यांना काहीच कळत नाही असं धरून नुसतं 'महान होते' म्हणू नका, त्याने मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही.

कंपास-पेटी

हाताच्या कामाचं मी सांगते. मुलांना ध्वज रंगवायला देऊ नका, ध्वज काढायला द्या. छापील चित्र रंगवायला पाच मिनिटं लागतात आणि त्यातून काहीच शिकणं होत नाही.

ए-फोर कागदावर २२५ बाय १५० मिलिमीटरचा आयत बसतो. तीन पट्टे, प्रत्येकी ५० चा. मधल्या पट्ट्याचे दोन कर्ण फिकट पेन्सिलने काढले की मध्यबिंदू मिळतो. तिथून २० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, कारण या मापात चक्राचा व्यास ४०.

आता आरे. कोनमापक असेल तर दर १५ अंशाला खूण. नसेल तर कंपास तेवढाच, २० वर ठेवून परिघावर चाप मारत जा, सहा भाग पडतात. प्रत्येक भाग दुभागला की बारा, पुन्हा दुभागला की चोवीस. सातवीच्या पुस्तकातली भूमिती इथे कामाला येते आणि कुणी 'याचा उपयोग काय' विचारत नाही.

इथे नेहमीची चूक: मुलं परिघाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४ रेघा ओढतात आणि आरे ४८ होतात. आरपार रेघा बाराच ओढायच्या. दुसरी चूक, ४० मिलिमीटरच्या चक्रात बोथट पेन्सिल. मध्यभागी काळा ठिपका होऊन बसतो. टोक केलेली पेन्सिल, वर निळं बारीक पेन. आरे केंद्रापर्यंत न नेता मधल्या छोट्या वर्तुळापाशी थांबवले की स्वच्छ दिसतं.

पाण्याचे रंग नकोत. केशरी ओघळून पांढऱ्यात जातं. रंगीत पेन्सिली चालतात, किंवा घोटीव कागदाच्या ५० मिलिमीटरच्या पट्ट्या कापून चिकटवा. डिंक काठाला लावायचा, मधे लावला की सुरकुत्या येतात.

पहिली-दुसरीला कंपास नको, टोचून घेतात. त्यांना सगळ्यांत मिळून एक मोठा कागदी ध्वज द्या, ९०० बाय ६००. चक्र मोठ्या मुलांनी काढून द्यायचं, पट्ट्या छोट्यांनी चिकटवायच्या.

आणि हे विसरू नका: ध्वजावर अक्षर नको. मुलं कोपऱ्यात नाव-इयत्ता लिहितातच, बाईसुद्धा त्यावर लाल पेनने 'छान' लिहून मोकळ्या होतात. चित्र मोठ्या कार्डशीटवर चिकटवा आणि नाव त्या कार्डच्या कडेला लिहा.

जुळेसोलापूरकर

बाप रे, भरपूर मिळालं. नाव कोपऱ्यात लिहिण्याचं तर डोक्यातच आलं नसतं. दोन शंका. प्रवेशद्वाराशी तिरंग्याची रांगोळी दरवर्षी काढतात, चालते का? आणि हातातले छोटे झेंडे द्यावे की नको? नंतर ते पार्किंगमध्ये पडलेले असतात.

दोरी-कप्पी

ध्वज जमिनीला टेकू नये हा नियम आहे, आणि रांगोळीवरून तर स्कूटर जातात. दारात तीन रंगांची नुसती फुलं काढा, चक्र आणि आयताकृती ध्वज काढू नका.

हातातले झेंडे कागदाचे द्या, प्लास्टिकचे अजिबात नको. देताना मोजून, घेताना मोजून. वहीत मुलाचं नाव आणि सोबत बरोबरची खूण. दोन मोठी मुलं फाटकाशी खोका घेऊन उभी करा, परत दिला की चॉकलेट. म्हणजे तुमचं चॉकलेटही कामी आलं. चुरगळलेले झेंडे कचरागाडीत टाकू नका. एकांतात, मानाने जाळून टाकायचे असं संहिता सांगते. बरे असतील ते पुढच्या वर्षाला ठेवा. टेबलावर झेंडा पसरणं, कमरेखाली तिरंगी कापड गुंडाळणं, मंडळाचा झेंडा त्याच खांबाला बांधणं, हे तिन्ही टाळा. व्यासपीठावर ध्वज उभा करणार असाल तर बोलणाऱ्याच्या उजव्या हाताला.

पूर्वभागातला

भाषेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्याकडे तेलुगू घरं आहेत ना? मग हे त्यांच्या मुलांना सांगा. शाळेत रोज म्हणतो ती प्रतिज्ञा, 'भारत माझा देश आहे', मुळात तेलुगूत लिहिलेली आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये विशाखापट्टणमला लिहिली. गावाकडचे ते नलगोंडा जिल्ह्यातले. आणि १९२१ साली बेझवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) गांधीजींपुढे झेंड्याचा आराखडा ठेवणारे पिंगली वेंकय्याही तेलुगूच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू पोराला हे कळलं की तो मागच्या रांगेतून पुढे येतो.

काम असं द्या: प्रतिज्ञा चार भाषांत. प्रत्येक भाषेच्या दोन मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ती म्हणायला शिकायची, २६ ला एकेका भाषेत एकेक वाक्य. सगळी प्रतिज्ञा चारदा म्हणायला लावू नका, लहान मुलं कंटाळून चुळबुळ करतात. उर्दू-कन्नडची वाक्यं देवनागरीत लिहून दिली की सगळ्यांना सोबत म्हणता येतं.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. मोबाइलवर सापडणारी कितीतरी ध्वनिमुद्रणं याहून लांब, मधे वाद्यांचे तुकडे असलेली असतात, मुलं मधेच थांबतात किंवा पुढे जातात. आधी घड्याळ लावून ऐका. त्याहून चांगलं, गाणं लावूच नका, मुलांनाच म्हणू द्या. एका मुलीने सूर द्यायचा, बाकीच्यांनी धरायचा. फार वर सूर धरला तर 'जय हे' ला सगळ्यांचा आवाज फाटतो, म्हणून सुरुवात खालूनच. चुका ठरलेल्या असतात. दुसऱ्यांदा 'जनगणमंगलदायक' यायला हवं तिथे पुन्हा 'जनगणमन अधिनायक' येतं. 'उच्छल जलधितरंग' चं 'उज्ज्वल' होतं. 'गाहे तव जयगाथा' तोंडातल्या तोंडात विरतं. तीन दिवस दहा-दहा मिनिटं फक्त या तीन ओळी घ्या. अर्थही सांगा, उच्छल म्हणजे उसळणारा, जलधि म्हणजे समुद्र. अर्थ कळला की उच्चार आपोआप सुधारतो.

संस्कारवर्ग-ताई

उभं कसं करायचं तेही लिहा कुणीतरी. दरवर्षी मोठी माणसं पुढे आणि मुलं मागे, त्यांना झेंडा दिसतच नाही.

दोरी-कप्पी

ताई, शाळांसाठी संहितेत आराखडाच दिलाय, तो सोसायटीला बसवता येतो. चौकोनाच्या तीन बाजूंना मुलं, चौथ्या बाजूच्या मध्यभागी खांब. ध्वज फडकवणारे आणि मुलांचा नायक खांबामागे तीन पावलांवर. पस्तीस मुलं म्हणजे बारा, बारा, अकरा. दोन रांगांत निदान एक पाऊल, म्हणजे ३० इंच अंतर. संहितेत सर्वात मोठा वर्ग उजव्या टोकाला असतो, पण सोसायटीत मी लहानांना पुढच्या रांगेत घेईन. मोठी माणसं मुलांच्या मागे.

क्रम असा: गटनायक मुख्य नायकाला सलामी देतो, मुख्य नायक पाहुण्यांना. मग ध्वज. उघडला की सावधान आणि सलामी, क्षणभर थांबून हात खाली. मग राष्ट्रगीत, सावधानमध्येच. प्रतिज्ञा राष्ट्रगीतानंतर, आधी नाही. आज्ञा देणारा नायक मुलांमधलाच असू द्या. आवाज मोठा असलेलं पोर निवडा, हुशार असलंच पाहिजे असं नाही. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटं, आणि ते राष्ट्रगीत-प्रतिज्ञा झाल्यावर, मुलांना खाली बसवून.

गच्चीवर पस्तीस मुलं आणि त्यांचे पालक उभे राहणार असतील तर कठड्याची उंची आधी बघा. कठडा कमी असेल तर ध्वज गच्चीवर आणि मुलं खाली आवारात, म्हणजे सगळ्यांना मान वर करून दिसतो. फक्त दोरी खालपर्यंत येईल एवढी लांब घ्या, खांबाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त, अधिक गच्चीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराची दुप्पट.

जुळेसोलापूरकर

कठडा कमरेएवढाच आहे. आवारातच घेऊ. दोरी सुती घेतो, ध्वज ९०० बाय ६००, आणि मोजायला आठवीतली तिघं बरोबर नेतो. कंपास-पेटी ताई, ए-फोर कागद साधा चालेल की जाड?

कंपास-पेटी

साध्यावर कंपासचं टोक आरपार जातं आणि घोटीव कागद चिकटवला की तो वाकतो. ड्रॉइंग पेपर घ्या, खाली जुनी वही ठेवायला सांगा. पस्तीस मुलांना पन्नास कागद आणा, पहिल्या वेळी आरे चुकतातच.